ब्रेक लागला होता

बाबासो मगदूमला गाडीचं दुखणं पायानं कळायचं. कोल्हापुरात शाहूपुरीतल्या गॅरेजात गाडी आली की तो वहाणा काढून आत बसायचा, ब्रेकचं पेडल अनवाणी पायानं हळू दाबायचा आणि मग सांगायचा, मागच्या डाव्या चाकात तेल झिरपतंय. चाक काढलं की तसंच निघायचं. घर शिरोळकडचं, जैन शेतकऱ्याचं. थोरल्या भावानं शेती धरली, यानं पाना.

सयाजी त्याचा जिवाभावाचा दोस्त. बापूसाहेब इनामदारांकडं तो ड्रायव्हर होता, आणि त्याच्याच शब्दावर बापूसाहेबांनी आपल्या सगळ्या गाड्या बाबासोच्या हाती दिल्या होत्या. बाबासो जैन रीतीनं दिवस मावळायच्या आत जेवायचा, नंतर अन्नाला शिवायचा नाही. कामात बुडला की त्याला भान राहायचं नाही, तेव्हा सयाजीच दंडाला धरून उठवायचा. "ऊठ. ऊन चाललं. राजमती वहिनी मला बोल लावंल."

बावन्न साली बापूसाहेबांनी दोन माणसांची लाल विलायती गाडी घेतली. दिवाळीनंतर एका जुन्या धावपट्टीवर शर्यत होती, तिथं ती उतरवायची म्हणून मुंबईहून इंजिनाचं काम करून आणलं. गाडी भलतीच पळायला लागली, पण ब्रेक होते तेच राहिले. पन्हाळ्याचा घाट एकदा उतरून सयाजी गॅरेजात आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"पेडल चिखलात रुतल्यागत जातंय बाबा. दुसऱ्यांदा दाबावं तवा कुठं लागतंय."

बाबासोनं आधी ब्रेकच्या तेलाच्या नळ्यांमधली हवा काढली. थोडा फरक पडला. मग त्यानं चाकातल्या ड्रमला आतून खडू फासला, चाक फिरवून सयाजीला ब्रेक दाबायला लावला आणि ड्रम काढून पाहिलं. ब्रेकच्या पट्ट्यांना खडू फक्त मधोमध लागला होता. म्हणजे पट्टी पुरती टेकतच नव्हती. आठ दिवस बसून त्यानं एकेक पट्टी हातानं घासून ड्रमच्या गोलाईला बसवली. पेडल वर आलं, तरी मऊच राहिलं. तेव्हा तो गाडीखाली शिरला, चाकाकडं जाणारी रबरी नळी मुठीत धरली आणि सयाजीला म्हणाला, "दाब." नळी मुठीत फुगली.

"घावलं," तो खालूनच म्हणाला. "तुझ्या पायाचा जोर ही नळीच खातीया."

नवी नळी आणली, तीही फुगायची. मग तो कबनूरला गेला. तिथं मागाच्या दोऱ्या वळणारा गुंडू कोष्टी ओळखीचा होता. बाबासोनं त्याच्यापुढं बारीक पोलादी तार ठेवली आणि नळीवर तिची घट्ट वेणी घालून मागितली. गुंडूची बोटं सोलली, तीन वेण्या वाया गेल्या. चौथी जमली. तशाच वेण्या घातलेल्या नळ्या चारी चाकांना बसवून हवा पुन्हा काढली, तेव्हा पेडल दोन बोटं खाली गेलं आणि फरशीवर पाय ठेवावा तसं थांबलं. सयाजी आत बसून कितीतरी वेळ नुसतं पेडल दाबत राहिला. नंतर उतरून त्यानं बाबासोला मिठी मारली.

शर्यतीत गाडी पहिली आली. बापूसाहेबांनी बाबासोला फेटा बांधला. त्या महिनाभरात तो जितका सुखी होता तितका पुढं कधी दिसला नाही, असं त्याची बायको राजमती सांगायची.

मग पौषात एका दुपारी सयाजीनं त्याच लाल गाडीनं पन्हाळ्याच्या वाटेवर वाघबिळाच्या वळणावर रस्त्याकडेला पेरूची पाटी घेऊन बसलेल्या चिमणाबाईला उडवलं. तिचा पाय मोडला. गाडी दगडी कठड्याला लागून थांबली. पोलिसांत सयाजीनं लिहून दिलं की पेडल खाली गेलं, ब्रेक लागलाच नाही, गॅरेजवाल्यानं नळ्यांना भलतंच काही बांधून ठेवलंय.

बाबासोला ते पोलिसांच्याच तोंडून कळलं. त्याला वाटलं, कागदात चूक झाली असेल. तो सायकल मारत वाघबिळाला गेला. वळणाच्या ऐन तोंडापासून कठड्यापर्यंत रस्त्यावर टायरचे दोन काळे पट्टे ओढले गेले होते. चाकं जाम झाल्याशिवाय असे पट्टे उठत नाहीत. ब्रेक लागला होता, फक्त उशिरा दाबला होता.

तिथून तो दवाखान्यात गेला. चिमणाबाई खाटेवर पडली होती. ती त्याला ओळखत नव्हती.

"त्यो मागनं येणाऱ्या गाडीकडं वळून हसत हुता," ती म्हणाली. "फुडं बघितलं तवा लय येळ झालता. कोण हाय तुमी, पावणं?"



सयाजी घरीच सापडला. बाबासोनं रस्त्यावरच्या पट्ट्यांचं सांगितलं, बाईचं सांगितलं. सयाजीनं नाकारलं नाही.

"लायसन गेलं तर मी संपलो, बाबासो. तुझ्या हातात कसब हाय, तुला कुठंबी काम मिळंल."

"पण माझंच नाव घेतलंस?"

"दुसऱ्या कुणाचं घेतलं असतं तर त्यो उलटला असता. तू आपला हाईस. तू सोसशील, म्हणून घेतलं."

हे तो अगदी मायेनं म्हणाला, आणि तेच बाबासोला सगळ्यात जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी तो बापूसाहेबांकडं गेला. मोडलेली गाडी वाड्यामागं पत्र्याखाली उभी होती. त्यानं त्यांना आत बसून पेडल दाबायची विनंती केली. बापूसाहेबांनी दाबलं. पेडल दोन बोटं गेलं आणि थांबलं. त्यांनी पुन्हा दाबलं. ते उतरले तेव्हा त्यांची नजर दुसरीकडं होती.

"मगदूम, जबाब लिहून झालाय. आता तो फिरवला तर माझ्याच माणसावर खटला चालेल."

"आणि माझं नाव, सरकार?"

"लोक विसरतील."

लोक विसरले नाहीत. गॅरेजात गिऱ्हाईक थांबेना, तेव्हा गॅरेजमालकानं त्याला कामावरून काढलं. खटला बाबासोवर झाला नाही, पण झाला असता तर निदान कुणी रस्त्यावरचे पट्टे मोजले असते, असं तो राजमतीला म्हणाला. जयसिंगपूरच्या बाजारपेठेत एका अडत्यानं त्याला मालट्रकांचं काम दिलं. तिथं त्यानं एक रीत पाडली. ब्रेकचं काम झालं की ड्रायव्हरनं स्वतः पेडल दाबायचं आणि चार माणसांसमोर सांगायचं, ब्रेक चांगला आहे. मगच किल्ली मिळायची. लोक हसायचे. तो हसायचा नाही.

सत्तावन्न साली सयाजी तिथं आला. आता त्याची स्वतःची टॅक्सी होती आणि तिचं पेडल खाली जात होतं. त्याचे केस पिकले होते. बाबासोनं नमस्कार घेतला, गाडीखाली शिरला आणि तासाभरात काम पुरं केलं.

"दाब आणि सांग," तो म्हणाला.

सयाजीनं दाबलं. बाजारातली माणसं उभी होती. "चांगला हाय," तो पुटपुटला.

"मोठ्यानं."

"बाबासोनं केलेला ब्रेक चांगला हाय," सयाजी मोठ्यानं म्हणाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "तवाबी चांगला हुता. चल की आता कोल्हापूरला. मी सगळ्यांस्नी सांगतो."

"पाच वर्सांपूर्वी सांगायचं हुतंस," बाबासो म्हणाला, आणि त्यानं किल्ली त्याच्या हातात न देता बॉनेटवर ठेवली.

त्या दिवशी तो घरी लवकर गेला. ऊन अजून होतं, राजमतीनं ताट वाढलं, पण त्यानं भाकरीला हात लावला नाही. ऊन गेल्यावर तिनं ताट उचललं.