बावीस पायऱ्यांवरचं काम

माझा मामा चष्म्याच्या काचा घासायचा. तळमजल्यावर कारखाना, वर त्याची खोली, मध्ये बावीस पायऱ्या. मामीचं डावं अंग लुळं पडलं तरी त्यांचं अडलं नाही. तिने काठीने जमिनीवर ठोकलं की मामा हात पुसत वर यायचा, तिची कूस बदलून द्यायचा, दोन टोमणे ऐकायचा आणि खाली जायचा. नवरा कामावर गेलाय असं कधी वाटतच नाही, अशी तिची तक्रार असायची.

मग कुणा शहाण्यांनी शहराच्या नकाशात रंग भरले. राहायचं इकडे, कामं तिकडे. काचा घासण्याचा आवाज म्हणे वस्तीला त्रासदायक. कारखाना शहराबाहेर गेला. दोन बस आणि वर मैलभर पायपीट. तळमजल्यावर मोटारी उभ्या राहू लागल्या. त्या बहुधा मुक्या असतात.

मामाला दुसरं काम येत नव्हतं आणि आसपास एकही कारखाना उरला नव्हता. मालकाच्या मागे लागून त्याने तिकडे बांधल्या जाणाऱ्या कामगारांच्या खोल्यांसाठी नाव लावलं. दिवसा मामीपाशी मी बसायचे. ती सवयीने काठी ठोकायची. मी पाणी पुढे केलं की माझ्याकडे बघून नको म्हणायची. मला तिचा राग यायचा आणि मग स्वतःचा.

एका दुपारी तिला श्वास पुरेना. डॉक्टर आले, त्यांनी मला बाजूला घेऊन घरच्यांना बोलवायला सांगितलं. फोन करताच मामा निघाला, पण दुपारी त्या रस्त्याला बसच नव्हती आणि भाड्याची गाडी तिकडे फिरकत नाही. सकाळी माणसं न्यायची, संध्याकाळी आणून सोडायची. मधेच कुणाला घरी जावं लागेल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मामा चालत सुटला. मामी सारखी विचारत होती, "आला का गं?"

"जिन्यात आहे, मामी," मी म्हणत राहिले. चार वाजता ती गेली. मामा पावणेसहाला पोचला.

महिन्याभराने खोली मिळाली, कारखान्याला अगदी लागून. मामाने ती घेतली नाही. मी चिडून विचारलं, आता कशासाठी रोज चार तास हाडं खिळखिळी करून घेतोस?

"बसमध्ये असेपर्यंत वाटतं गं," तो म्हणाला, "की ती वाट बघत असेल."