कन्फर्म म्हणण्याआधी

शिरूर आणि दौंड हे दोन तालुके मिळून 'कन्फर्म' हा इंग्रजी शब्द बिनचूक वापरणारा एकच माणूस आहे: माझ्या बायकोचे मामा. बाकी आपण सगळे हा शब्द उधळतो. 'उद्या येतो, कन्फर्म' म्हणणारा परवाही येत नाही. मामांच्या तोंडून तो दिवसातून फार तर दोनदा निघतो, आणि निघाला की त्याच्या भरवशावर घर बांधावं.

हे वळण कुरकुंभचं. तिथल्या एका औषध कंपनीत मामा ऑपरेटर होते. पाळी बदलताना जाणारा सांगे, "तीन नंबरचा व्हॉल्व्ह बंद." येणाऱ्यानं तेच वाक्य मोठ्यानं परत म्हणायचं, जाऊन व्हॉल्व्हला हात लावून पाहायचा आणि मगच 'कन्फर्म' म्हणायचं. निवृत्त होऊन मामा आपल्या गावी, निमोण्याला परतले. व्हॉल्व्ह कंपनीत राहिले, शिस्त घरी आली. मामींनी 'गॅस बंद केला का' विचारलं, तर "केलाय" एवढंच उत्तर मिळतं. मग मामा उठतात, ओट्याशी जातात, बटणाला हात लावतात आणि तिथून तो शब्द उच्चारतात. एकदा मी फोनवर म्हणालो, "मामा, रविवारी जेवायला येतोय, कन्फर्म."

"जावईबापू, निघालाय का?"

"रविवारी निघणार."

"मग 'येनार' म्हना. त्यो दुसरा शब्द दारात चपला काढल्यावर."

गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकदा, शिरूरला राहणारे एक आबा गेल्याची बातमी आली. खाली कुणीतरी 'कन्फर्म' लिहिलं आणि जोडलेल्या हातांची रांग लागली. मामांनी हात जोडले नाहीत. त्यांनी एसटी धरली आणि शिरूर गाठलं. आबा अंगणात पेरू कापत बसले होते. संध्याकाळी ग्रुपवर मामांचा मजकूर आला: "आबा जिवंत. कन्फर्म. पेरू गोड." बातमीदारीच्या नोकरीत इतका नेमका मजकूर माझ्या हाती फार वेळा आलेला नाही.

मामांना एकच मुलगी. शिरूरला रक्त तपासायच्या लॅबमध्ये ती कामाला होती. तिला दौंडचं स्थळ आलं. मुलगा चांगला, पत्रिका जुळली, बैठकीला दोन्हीकडची वीस-पंचवीस माणसं, प्रत्येकाच्या हातात पोह्यांची बशी. मुलाचे चुलते, सगळे त्यांना आप्पा म्हणतात, सुपारी हातात घेऊन म्हणाले, "मग मामा, कन्फर्म समजायचं ना?"

"न्हाई अजून."

चमचे थांबले. "अवो, काय बोलताय!" मामी पुटपुटल्या.

"पोरीला कुनी इचारलंय?"

मामींना वाटलं होतं, मुलीच्या आत्यानं विचारलं असेल. आत्याला वाटलं होतं, माझ्या बायकोनं. माझ्या बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मामा उठून स्वयंपाकघरात गेले. "असं कुठं असतंय व्हय?" आप्पा म्हणाले. आता हे मोडतंय, असं मामींच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

मामा बाहेर आले. "पोरगा पसंत हाय तिला. पन नोकरी सोडनार न्हाई म्हनती."

"दौंडवरनं शिरूरला? रोज?" आप्पांनी विचारलं.

"दौंडातल्या लोकांना रक्त नसतंय का?" आतून मुलीचाच आवाज आला.

पहिल्यांदा हसला तो मुलगा. मग काकांकडे न बघता म्हणाला, "मला चालेल."

"काय चालंल, त्ये परत म्हना," मामा म्हणाले.

मुलगा ताठ बसला. "लग्नानंतरही त्या नोकरी करतील. मला चालेल."

मामा त्याच्याजवळ गेले. त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी त्याचा चेहरा नीट पाहिला आणि मग तो शब्द म्हणाले. आप्पांनी सुपारी फोडली.

मुलगी आता दौंडच्या एका लॅबमध्ये काम करते. रोज संध्याकाळी तिचा फोन येतो, "पप्पा, मी मजेत आहे." मामा "बरं" म्हणतात. अधूनमधून एखाद्या रविवारी ते उठून दौंडला जातात. काम काही नसतं. ती चहा करते, ते तिच्याकडे बघत बसतात आणि कप खाली ठेवून परतीची एसटी धरतात.

मागच्या खेपेला ते घरी आले तेव्हा मी तिथंच होतो. मामींनी विचारलं, "कशी हाय पोर?"

"लई मजेत हाय," मामा म्हणाले. टोपी काढून त्यांनी ती थोडा वेळ हातातच धरली. "माहेरी न्यायला कवा येताय, त्ये इचारायलाबी इसरली."