खांबेट्यांच्या रजिस्टरात नसलेला रकाना

अण्णा नगरातल्या त्या ऐतिहासिक भेटीच्या वेळी आकाशातून पुष्पवृष्टी झाली नाही, ही निव्वळ देवांची हलगर्जी. जमीन मात्र हादरली. चौकातला सिग्नल वेळेआधीच हिरवा झाला म्हणतात, आणि कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्याने हातभर उंचीवरून सोडलेली कॉफीची धार क्षणभर हवेतच थबकली. तीन खोल्यांच्या स्थानिक इतिहास संग्रहालयाच्या दारात, चपला काढायला वाकलेले पुरुषोत्तम खांबेटे आणि चपला घालायला वाकलेले तिथले जुने स्वयंसेवक नारायणस्वामी राव यांच्या डोक्यांची टक्कर झाली होती. एक डोकं चौतीस वर्षांपूर्वी पेणहून नोकरीसाठी इथे तमिळ मुलखात, आवडी या गावी आलेलं. दुसऱ्या डोक्याचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी घोड्यावर बसून तंजावरला आले ते परत जायचं विसरलेले.

"आई गं!" खांबेटे कळवळले.

"अय्यो, आई!" राव कळवळले. मग कपाळ चोळता चोळता त्यांनी डोळे बारीक केले. "तुम्ही मराठी की? आम्हीही मराठीच. बसा. कॉफी झाली की?"

खांबेट्यांना शब्द सगळे कळले, पण चाल तमिळ होती, त्यामुळे एखादं ओळखीचं भजन अनोळखी रागात ऐकावं तसं त्यांना झालं. ते गोंधळून बसले. पुढचे पाच महिने ते त्या संग्रहालयात होते आणि त्यातले बहुतेक दिवस गोंधळलेलेच होते.

मुळात ते तिथे आले कशाला? तर कल्पनाताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, त्यांना घराबाहेर काढलं म्हणून. खांबेटे आवडीच्या संरक्षण कारखान्यात इन्स्पेक्टर होते. येणारा प्रत्येक सुटा भाग मोजायचा, पास असेल तर हिरवा टॅग, नापास असेल तर लाल. निवृत्त होऊन अण्णा नगरात राहायला आल्यावर मोजायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी घर मोजायला घेतलं. तिसऱ्या आठवड्यात ते जाडी मोजायचं व्हर्नियर घेऊन पोळपाटापाशी उभे राहिले आणि म्हणाले, "अगं, ही पोळी डाव्या बाजूला दोन मिलिमीटर जाड आहे."

"अहो, पोळी खायची असते. पास करायची नसते," कल्पनाताई म्हणाल्या. "तुम्ही कुठेतरी जा बघू. कुठेही जा. दुपारी दोनपर्यंत येऊ नका."

खांबेटे चालत निघाले, एका बंगल्यावर 'स्वयंसेवक पाहिजेत' अशी इंग्रजी पाटी दिसली, आत एसी दिसला, आणि पुढे टक्कर झाली.

संग्रहालयाची व्यवस्थापक होती जननी. वय सत्तावीस, केसांत मोगरा, हातात दोन फोन. दर शनिवारी ती स्वयंसेवकांची बैठक तमिळमध्ये घ्यायची. खांबेट्यांचं तमिळ भाजी घेण्यापुरतं होतं. भाजीचा भाव सोडून कशावरही चर्चा सुरू झाली की ते मान डोलवत. त्या डोलण्यामुळे पहिल्या महिन्यातच शाळांच्या सहली, माठातलं पाणी आणि जुन्या तराजूंचं दालन या तिन्ही गोष्टी त्यांच्याकडे आल्या. आपण या कधी मागितल्या हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

पण ते रमले. फार रमले. एकदा त्यांनी विचारलं, "वस्तूंचं रजिस्टर कुठे आहे?" जननीने एक वही दाखवली. तिच्यात अर्ध्या वस्तू होत्या आणि अर्ध्या रांगोळ्या. खांबेट्यांच्या अंगावर चौतीस वर्षांची नोकरी शहारून उठली. आठ दिवसांत त्यांनी कारखान्याच्या धर्तीवर नवं रजिस्टर आखलं आणि सोबत नियम लिहिले. दारातून आत येणाऱ्या प्रत्येक वस्तूला टॅग लागेल. तपासून पास झाली तर हिरवा टॅग, मग ती जागची हलणार नाही. नापास झाली तर लाल टॅग आणि बाहेर. स्वयंसेवकाने स्वतःच्या घरची वस्तू आणायची नाही. एका घरातून एकच स्वयंसेवक, म्हणजे वशिला नको. असे एकंदर नऊ नियम झाले.

"सार, यू आर ग्रेट!" जननी म्हणाली आणि नियम फ्रेम करून भिंतीवर लावले.

"तुमचें काम बहुत चोख," राव म्हणाले. "पण तुमचे मराठींत इंग्लिश फार. ते थोडें कमी करा."

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी 'स्वयंपाकघरातला इतिहास' असा जाहीर कार्यक्रम ठरला. लोकांनी घरची जुनी भांडी आणून संग्रहालयाला द्यायची. शनिवारपर्यंत आली चार. टेबल सोळा फुटी. जननीचा चेहरा उतरला, आणि तो चेहरा खांबेट्यांना पाहवला नाही. कल्पनाताई नुंगंबाक्कमला बहिणीकडे गेल्या होत्या. खांबेटे घरी गेले, स्टुलावर चढले आणि माळ्यावरून पितळी पुरणयंत्र काढलं. तीन पाय, वर भांडं, तळाशी जाळी, हाताने फिरवायचा दांडा. कल्पनाताईंच्या आईचं. वर्षातून एकदा, होळीला खाली यायचं. आवडीच्या क्वार्टर्समधली सात मराठी कुटुंबं होळीला खांबेट्यांकडे पुरणपोळी खायला येत आणि कल्पनाताई दर वर्षी सांगत, "मिक्सरचं पुरण म्हणजे लापशी. पुरण यंत्रातूनच यायला हवं." होळीला नऊ दिवस होते. खांबेट्यांचा बेत साधा होता: यंत्र एक दिवस टेबलावर ठेवायचं, संध्याकाळी पिशवीत घालून परत माळ्यावर.

नियमाची अडचण होती, पण ती त्यांनी सोडवली. देणाऱ्याच्या नावापुढे त्यांनी लिहिलं, 'कल्पना जोगळेकर'. हे खोटं नव्हतं. तेहतीस वर्षांपूर्वी अगदी खरं होतं.

रविवारी गर्दी लोटली ती त्या यंत्राभोवतीच. कांजीवरम साडीतल्या एका मामींनी हे सेवै, म्हणजे तांदळाच्या शेवया, पाडायचं यंत्र असल्याचं जाहीर केलं. दुसऱ्या म्हणाल्या, छे, हे ओमप्पोडीचं, ओव्याच्या शेवेचं. तिसऱ्यांनी दांडा फिरवून पाहिला आणि त्यांच्या सासूच्या आठवणीने त्यांना रडू आलं. कशाचं यंत्र ते मात्र त्या सांगेनात. तेवढ्यात नारायणस्वामी राव गर्दी सारत पुढे आले, चष्मा कपाळावर चढवला, यंत्राच्या तीनही पायांना एकेक करून हात लावला आणि घोषणा केली, "हें तंजावरचे राजवाड्यांतलें. दोनशें वर्षांचें खास."

टाळ्या पडल्या. टाळ्यांमध्ये जननीने यंत्राला हिरवा टॅग बांधला.

संध्याकाळी खांबेटे पिशवी घेऊन रजिस्टरापाशी बसले आणि तिथेच त्यांना घाम फुटला. रजिस्टरात 'आवक' होती, 'तपासणी' होती, 'पास' होतं, 'नापास' होतं. 'परत' हा रकानाच नव्हता. कारखान्यात आलेला माल कधी परत घरी जात नाही. पास झाला की रणगाड्यात, नापास झाला की भंगारात. चौतीस वर्षांत तिसरी वाट त्यांनी पाहिलीच नव्हती, मग आखणार कुठून? भिंतीवरच्या फ्रेममधून त्यांचेच नऊ नियम त्यांच्याकडे रोखून बघत होते.

म्हणजे यंत्र बाहेर काढायचं तर एकच मार्ग: लाल टॅग. नापास.

तीन दिवस ते रोज लाल टॅग घेऊन यंत्रापाशी जायचे. दांडा फिरवायचे. खडखड नाही. जाळी धरून उजेडात पाहायचे. एक भोक बुजलेलं नाही. धडधाकट मालाला लाल टॅग त्यांनी आयुष्यात बांधला नव्हता, साहेबांनी सांगितलं तेव्हाही नाही. टॅग खिशात घालून ते घरी जायचे. घरी कल्पनाताई विचारायच्या, "अहो, माळ्यावरून यंत्र काढून द्या ना, चिंच लावून घासायला हवं." खांबेटे म्हणायचे, "उद्या. गुडघा दुखतोय." दुसऱ्या दिवशी दुसरा गुडघा दुखायचा. त्यांना तिसरा नव्हता.

शेवटी गुरुवारी त्यांनी ठरवलं की खरं सांगायचं. यंत्र जुनंच नाही हे कळलं की ते आपोआप नापास होईल. त्यांनी जननीला आणि रावांना समोर बसवलं.

"हे राजवाड्यातलं नाही. हे माझ्या सासूबाईंचं, द्वारकाबाई जोगळेकरांचं आहे. एकोणीसशे चौऱ्याहत्तरमध्ये पेणच्या बाजारातून घेतलेलं. यात पुरण वाटतात. माझी चूक झाली. नापास करा आणि मला द्या."

खांबेट्यांनी हळूच लाल टॅग टेबलावर ठेवला.

"नायंटीन सेवन्टी-फोर?" जननी उभीच राहिली. "सार! फिफ्टी इयर्स! आणि नाव, गाव, दुकान, सगळं माहिती आहे? आपल्याकडे एकाही वस्तूचं एवढं माहीत नाही!"

"पण राजवाडा..." खांबेटे म्हणाले.

"राजवाड्यांत पितळ बहुत पडलें आहे," राव शांतपणे म्हणाले. राजवाडा त्यांनी इतक्या सहज सोडला की खांबेटे त्यांच्याकडे बघतच राहिले. "सासूचें यंत्र कोठें मिळतें? पुरुषोत्तमराव, हें पास. दोनदां पास."

खांबेट्यांना काही कळेना. माल खोटा ठरल्यावर त्याचा दर्जा वाढतो, असं कुठल्याच मॅन्युअलात लिहिलेलं नव्हतं. ते घरी गेले आणि दुसऱ्यांदा खरं सांगितलं.

कल्पनाताईंनी ऐकता ऐकता गॅस बंद केला. मग म्हणाल्या, "माझ्या आईचं यंत्र. मला न विचारता. आणि माझं माहेरचं नाव लावून."

"तांत्रिक दृष्ट्या..."

"गप्प बसा. चपला घाला."

संग्रहालयात कल्पनाताई अशा शिरल्या की दारातल्या रखवालदाराने तिकीट मागायचं धाडस केलं नाही. खांबेटे मागून रिकामी पिशवी घेऊन. तिसऱ्या खोलीत काचेच्या पेटीत यंत्र होतं, घासूनपुसून लखलखीत. त्याखाली जननीने मधल्या तासाभरात लावलेली पाटी होती, तमिळ, इंग्रजी आणि मराठीत. मराठी मजकूर रावांनी लिहिला होता, त्यामुळे तो थोडा पेशवाईतला वाटत होता. 'पुरणयंत्र. पेण येथील श्रीमती द्वारकाबाई जोगळेकर यांचें. सन १९७४.'

कल्पनाताईंनी ती पाटी वाचली. मग तमिळ मजकुराकडे पाहिलं आणि जननीला विचारलं, "यातलं आईचं नाव कुठलं?" जननीने बोट ठेवून दाखवलं. कल्पनाताईंनी त्या अक्षरांवर काचेवरून बोट फिरवलं.

"तिचं नाव रेशनकार्डाशिवाय कुठे छापून आलं नव्हतं हो," त्या म्हणाल्या. मराठीत बोलल्या, त्यामुळे जननीला ते कळलं नाही. खांबेट्यांनी पिशवीची घडी करायला घेतली, मग उलगडली, मग पुन्हा घडी केली.

"आंटी, हे कसं चालतं? आम्हाला दाखवाल?" जननीने विचारलं.

झालं. होळीच्या आदल्या दिवशी, रविवारी, कल्पनाताईंनी संग्रहालयाच्या अंगणात गॅस लावून पुरण शिजवलं आणि बावन्न माणसांसमोर यंत्रातून काढलं. कल्पनाताईंचं तमिळ फर्डं होतं; तीस वर्षं शेजारणींशी भांडून कमावलेलं. आईने यंत्रासाठी दुकानदाराशी कशी तीन मंगळवार घासाघीस केली, हे त्या रंगवून सांगत होत्या. मामी हसत होत्या, वह्यांत लिहून घेत होत्या. सेवैवाल्या मामींनी हार मानली. राव पुरण चाखून म्हणाले, "आमचे घरीं आजी असेंच करीत. गूळ थोडा कमी झाला." खांबेटे माठातलं पाणी भरत होते. गोंधळ नेमका कशाने मिटला हे त्यांना कळलं नव्हतं, पण मिटला होता, आणि यंत्र आता सुटणार अशी त्यांना आशा होती.

"न्यायचं ना?" संध्याकाळी त्यांनी पिशवी पुढे केली.

"राहू दे इथेच," कल्पनाताई म्हणाल्या. "पुढच्या रविवारी वेंकट शाळेची मुलं येणार आहेत. जननीने मला बोलावलंय. दर मंगळवारी आणि रविवारी." त्यांच्या पदराला स्वयंसेवकाचा बिल्ला लावलेला होता.

दुसऱ्या दिवशी होळीला सात कुटुंबं जेवायला आली. पुरण मिक्सरवर वाटलं होतं. कोणाच्या लक्षात आलं नाही.

त्याच आठवड्यात जननीने भिंतीवरच्या फ्रेमकडे बोट दाखवून खांबेट्यांची फार माफी मागितली. एका घरातून एकच स्वयंसेवक. खांबेटे आता घरी असतात.