आमच्या झाडाचा एकुलता एक नारळ

आमच्या घरामागच्या नारळाच्या झाडाला जन्मात एकच नारळ लागला, आणि तो आम्ही कोकणात नेला.

हसा, हसून घ्या. घाट उतरल्यापासून ज्याला ज्याला कळलं तो हसलाच. पण झाड आमच्या वडिलांनी लावलेलं होतं. तरुणपणी ते कुणाच्या तरी लग्नाला कोकणात गेले आणि येताना रोप घेऊन आले. आईला म्हणाले, "ह्याला पहिला नारळ लागू दे, तुला समुद्र दाखवतो. तिथल्या गणपतीला वाहू." पुढं वडील गेले, झाड मात्र ढिम्म! शेजारी म्हणायचे, तोडून टाका, औरंगाबादच्या उन्हात कुठं नारळ येतो का? आई कुऱ्हाड दिसली तरी अंगावर धावायची. "ह्यांनी शब्द दिलाय मला," एवढंच तिचं उत्तर. आणि एका उन्हाळ्यात खरंच एक नारळ धरला. एकच!

आईनं तो सोलून घेतला, शेंडी राखली, वडिलांच्या जुन्या उपरण्यात गुंडाळला आणि फर्मान काढलं, "कुणी हलवून बघायचा नाय. देवाचा हाये."

सिल्लोडच्या रहीमचाचांची जीप ठरवली. आई, मी, माझी बायको सुशीला आणि तो नारळ असे आम्ही चौघं निघालो. (चौघंच! नारळाला खिडकीची जागा होती. मी मागं पिशव्यांवर.)

पहिल्या देवळात, महादेवाच्या, पुजाऱ्यांनी आईच्या हातातला नारळ बघून सवयीनं हात पुढं केला. आईनं नारळ पोटाशी धरला.

"हा ह्या देवाचा नाय!"

"अहो आजी, देवळात नारळ आणलाय ना?"

"आणलाय. पण दाखवायला."

मागं रांग खोळंबली. शेवटी मी अक्कल चालवली. बाहेरून दुसरा नारळ विकत आणला आणि तो फोडला. पुढं देवीचं देऊळ लागलं. तिथंही मी तयारीनं नारळ घेऊन गेलो. सुशीलानं ओटी भरली. पुजारीणबाईंनी ओटीतला नारळ कुंकू लावून प्रसाद म्हणून परत दिला. सुशीलानं तो पिशवीत ठेवला. आईचं मन भरून आलं होतं, तिनं आपल्या नारळालाही देवीचं कुंकू लावून घेतलं आणि तोही त्याच पिशवीत ठेवला.

आता पिशवीत कुंकू लावलेले दोन नारळ झाले. हे माझ्या लक्षात आलं होतं का? नाही!

समुद्राकाठच्या गणपतीला पोचलो तेव्हा देऊळ दुपारचं बंद झालं होतं. पण समोर समुद्र होता. आई जीपमधून उतरली आणि नुसती बघत राहिली. मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, "एवढं पाणी! आन् आपल्याकडं दिवसाआड नळ!"

रहीमचाचांनी जीप वर रस्त्यालाच उभी करायची म्हटलं. मी म्हणालो, खाली वाळूत घ्या, खडकाची सावली आहे.

"पानी इधर तक आता क्या साब?"

आता मी पाटबंधारे खात्यातला माणूस. पाण्याच्या बाबतीत मला शिकवणारा अजून जन्मायचाय, असं माझं तेव्हा मत होतं. मी म्हणालो, "चाचा, पाणी वाढायला वरून आवक लागते. ऐन उन्हाळ्यात आवक कुठून येणार? उलट पातळी घटेल!"

"हौ साब," चाचा म्हणाले आणि जीप खाली घेतली. सरकारी माणसाच्या शब्दावर त्यांचा विश्वास होता.

खडकावर चपला काढल्या, नारळाची पिशवी ठेवली. वाळूत सतरंजी टाकून दशम्या आणि ठेचा सोडला. जेवण झाल्यावर आई लवंडली. झोपण्याआधी मला म्हणाली, "दिनकरा, पिशवीवर ध्यान ठीव. झोपू नको."

"आई, मी काय लहान आहे?"

आणि झोपलो.

जाग आली ती पाठीला गार लागलं म्हणून. मी डोळे मिटूनच ओरडलो, "सुशे, बाटली सांडली का गं?"

"बाटली न्हाई वो! उठा! समुद्र सांडला!"

बघतो तर सतरंजी पाण्यात, दशम्यांचा डबा निघालाय परदेशी, माझ्या दोन्ही चपला त्याच्या मागोमाग! जीपची चाकं पाण्यात. रहीमचाचा जीपला मिठी मारून "या अल्ला, या अल्ला" करतायत. आणि मी, पाटबंधारे खात्यातला जबाबदार माणूस, चौफेर बघत किंचाळलो, "विसर्ग कुणी सोडला? कुठल्या धरणातून सोडला?"

वरून फुलं विकणारी एक बाई हाका मारत आली. "अवो, भरती लागलेय! गाडी काढा आधी!"

"भरती? कसली भरती?" मी विचारलं. (आमच्याकडं भरती पोलिसांची असते.)

देवाची कृपा, वरच्या दुकानांतली माणसं धावली. जीप ढकलत ढकलत रस्त्यावर चढवली. मी सुटकेचा श्वास सोडतोय तोच आईचा आवाज आला.

"दिनकरा, पिशवी कुठंय?"

पिशवी लाटेवर होती, पालथी. नारळ बाहेर पडून डुलत चालले होते. मी कपड्यांसकट पाण्यात शिरलो. कमरेएवढ्या पाण्यात एक नारळ धरला. पलीकडं दुसरा धरला. वळलो तर तिसरा! हा कुठून आला? कुणी समुद्राला वाहिलेला असणार. तोही काखेत मारला आणि तीन नारळ सांभाळत, दोनदा आपटत काठावर आलो. कुंकू तिन्हींचं धुऊन गेलेलं. उपरणं समुद्रात. तिन्ही नारळ सारखेच!

"ह्यातला आपला कोणता?" सुशीलानं विचारलं.

"कोणता म्हणजे? आपला तो आपला!"

"व्हय, पण कोणता?"

आई ओलं लुगडं बदलायला फुलवाल्या बाईंच्या टपरीमागं गेली होती. मी ठरवलं, ती यायच्या आत निकाल लावायचा. एक एक नारळ कानाशी धरून हलवला. दोन नारळ छान डुबुक डुबुक वाजले. तिसरा मुका, आत थेंब नाही.

"हा आपला नाही," मी जाहीर केलं. "आपल्या झाडाला मी रोज बादलीनं पाणी घातलंय. कोरडा निघेलच कसा? हा त्या समुद्रवाल्याचा. त्याचा त्याला परत!"

आणि फेकला. चांगला लांब फेकला. माझ्या अंगात एवढा जोर आहे हे मलाही ठाऊक नव्हतं.

आई आली. तिनं दोन्ही नारळ घेतले आणि शेंड्या उसकटून बघायला लागली. एकाची बघितली, दुसऱ्याची बघितली. परत पहिल्याची.

"काय बघती आई?"

"ह्यांच्या उपरण्याचा लाल दोरा बांधला व्हता शेंडीत, आतून. दिष्ट लागू नाय म्हणून. ह्यात नाय. ह्यातबी नाय." तिनं माझ्याकडं पाहिलं. "तिसरा व्हता का रं?"

सुशीला आभाळाकडं बघायला लागली. रहीमचाचा टायर बघायला लागले. मी समुद्राकडं बघितलं आणि आईला सगळं कळलं.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती वाळूत बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "एवढे साल झाडाला जपलं रं मी. ह्यांना काय सांगू आता?"

मी परत पाण्यात शिरायला निघालो, तर फुलवाल्या बाईंनी मला सदऱ्याला धरून मागं ओढलं. "तुम्ही नको, तुम्हालाच काढायला लागेल! गप उभे ऱ्हावा. भरती चढतेय, टाकलेलं तीच आणून देते."

उभे राहिलो. सगळेच एका रांगेत, लाटांकडं डोळे लावून. रहीमचाचा ओठातल्या ओठात काही म्हणत होते. सुशीला गणपतीचं म्हणत होती. मी दोघांच्याही देवांना हात जोडत होतो. एक लाट आली, रिकामी. दुसरी आली, तिनं माझी एक चप्पल दिली. (मनात म्हटलं, चप्पल नको गं बाई!) मग एक मोठी लाट आली, वाळूवर चढली, मागं सरली आणि नारळ ठेवून गेली.

पहिले धावले रहीमचाचा. उचलला, शेंडी उसकटली आणि ओरडले, "लाल धागा! अम्मा, येच है!"

आई नारळ छातीशी धरून रडली, हसली, परत रडली. देऊळ उघडल्याबरोबर आम्ही आत गेलो, आई सोडून सगळे ओले, मी एका चपलेचा धनी. आईनं स्वतःच्या हातानं नारळ पुजाऱ्यांकडं दिला. त्यांनी तो फोडला.

आत पाणी नाही. खोबरंही नाही. नुसती करवंटी!

आमचे चेहरे उतरले. पुजारी समजुतीनं म्हणाले, "आजी, मनात काही आणू नका. देवाला पोचला."

पण आईचा चेहरा उतरलाच नव्हता. ती दोन्ही भकलं हातात घेऊन कौतुकानं बघत होती.

"आमच्या ह्यांनी लावलेलं झाड ना ते," ती पुजाऱ्यांना म्हणाली. "ह्यांनी मला दोनच फळं दिली बघा. एक हे, आज देवाला दिलं." मग तिनं माझ्या ओल्या डोक्यावरून मायेनं हात फिरवला, नकळत जरा हलवूनही पाहिलं, आणि सुस्कारा सोडला.

"दुसरंबी असंच हाये. पर ते देव घील का?"