काळू नदीपलीकडची शाळा

ठाण्याहून निघताना माझा बेत साधा होता. शहापूर येईपर्यंत शालू दमेल आणि पुढे जायचं नाव काढणार नाही.

शालू माझी मुलगी, तेव्हा बावीस वर्षांची. ट्रेनिंग संपवून तिने शिक्षिकेची नोकरी मिळवली ती थेट मुरबाड तालुक्यात, धसईच्या पलीकडच्या एका पाड्यावर (लहानशा वस्तीवर). तिथवर एस.टी. जात नव्हती. "तिथे सायकलशिवाय भागणार नाही, मग इथूनच सायकलने जाते," असं तिने जाहीर केलं. मी विरोध केला नाही, उलट सोबत येतो म्हणालो. साठेक मैलांची रपेट कुणाच्याही डोक्यातली नोकरी काढून टाकायला पुरेशी आहे, असा माझा अंदाज होता. माझं स्वतःचं वय छप्पन्न आहे, हे त्या अंदाजात धरायचं राहून गेलं.

दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. आग्रा रोडवर ट्रकांची धूळ खात आम्ही संध्याकाळी शहापूरला टेकलो. ओळखीच्या घरी मुक्काम होता. शालू हातपाय धुऊन बायकांबरोबर भाकऱ्या थापायला बसली. मी ओट्यावर बसलो तो बसलोच, कारण उठता येत नव्हतं. 'उद्या बसने परत जाऊ या का?' हा प्रश्न तिने विचारायचा होता, तो माझ्याच ओठांवर आला. शेवटी समोरच्या माहुलीच्या डोंगराकडे बघत मी म्हणालो, "हवा छान आहे इथली."

"हो ना," शालू म्हणाली.

सकाळी किन्हवलीचा रस्ता धरला. दोन्ही बाजूंना भातकापणी चालली होती. एका खळ्यावर (मळणीच्या जागेवर) पेंढ्या झोडणाऱ्या बाईने शालूला हाक मारली.

"कुठं चाललीस गो सायकलवर?"

"धसईकडे. शाळेत शिकवायला."

"आन् यांना कुठं नेतेस? दवाखान्यात?"

"माझे वडील आहेत. मला सोबत आलेत."

बाईने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "बरं केलंस, घेऊन आलीस. म्हातारी मानसं घरात बसून कंटाळतात."

तिने आम्हाला तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी खायला घातली. चटणी फार झणझणीत होती, त्यामुळे माझ्या डोळ्यांतल्या पाण्याला कारण मिळालं.

पुढे काळू नदी. पाणी गुडघाभर होतं. शालू पदर खोचून, सायकल खांद्यावर घेऊन पलीकडे गेली. माझी सायकल न्यायला ती परत येऊ लागली, तेव्हा मी ओरडलो, "मला जमतं!" मधोमध शेवाळलेल्या दगडावर पाय सरकला. सायकल वाचली, घोटा मुरगळला. भाताचे भारे नेणाऱ्या एका गाडीवानाने मला वर चढवलं. असा मी मुरबाड तालुक्यात शिरलो, पेंढ्यांवर आडवा, शेजारी माझी सायकलही आडवी. मुलगी पुढे वाट विचारत चालली होती.

पाड्यावर माणसं जमलेली होती. "मास्तर आले!" म्हणत चौघांनी मला अलगद उतरवलं. मी शालूकडे बोट दाखवलं. पोरींमध्ये खसखस पिकली.

शालू शाळेची झोपडी बघायला गेली, तेव्हा मी पाड्याच्या कारभाऱ्याला, बुधाजीला, जवळ बोलावलं.

"तिला एवढंच सांगा, राहायला जागा नाही. एकटी मुलगी आहे हो."

बुधाजी पायाशी बघत म्हणाला, "जागा हाय, दादा. माझ्या म्हातारीपाशी राहील. आधी दोन मास्तर आले, दोघांनापन घरच्यांनी काळजीपायी परत नेलं. तुमची काळजी खरी. पन आमालापन पोरं हायेत."

 मी मान वळवली तर दारात शालू, हातात गरम हळदीची वाटी. तिने सगळं ऐकलं होतं. खाली बसून ती माझ्या घोट्याला लेप लावू लागली.

"बाबा, शहापूरलाच विचारलं असतंत तर मी परत फिरले असते. माझेही पाय भरून आले होते. तुम्ही म्हणालात, हवा छान आहे. मग मला लाज वाटली."

"मग आता?"

"आता अठरा मुलं बसलीत तिथे. पाट्या घेऊन."

लेप चटके देत होता. मी पाय मागे घेतला नाही.

दोन दिवसांनी धसईहून मुरबाड आणि तिथून कल्याण असा एस.टी.ने एकटा परतलो, सायकल बसच्या टपावर.

त्याला आता चार वर्षं झाली. 'शालूला शाळेवर पोचवून आलो' असंच मी सगळ्यांना सांगत आलो. सुट्टीत घरी आली की तीही ते ऐकते, आणि एका शब्दानेही खोडून काढत नाही. म्हणून ही हकीकत मीच लिहून ठेवली. पोचवलं कुणी कुणाला, ते वाचणाऱ्याला कळेलच.