म्हात्रेदादांची खडीसाखर

फोन मीच उचलला. दुपारची वेळ, पोलीस ठाण्यात मी आणि पंखा दोघेच जागे. पलीकडून पेणचा ओळखीचा शिपाई म्हणाला, "म्हात्रे गेले रे... कासूजवळ." हायवेवर टेम्पो उलटला होता. आतल्या दोघांना दादांनी उचलून कडेला नेऊन बसवलं, ते वाचले. तिसऱ्याला आणायला परत फिरले आणि मागून ट्रक आला... मी तीनदा नाव विचारलं. तिसऱ्यांदा सांगताना तोही रडला.

संध्याकाळी अंत्ययात्रेतल्या मानवंदनेची यादी लागली. त्यात माझं नाव होतं. खरं सांगतो, रडू येण्याआधी मला घाम फुटला. का, ते कळायला थोडं मागे जावं लागेल.

मी नांदेडकडचा. सातवीत शाळा सोडली, धावण्याच्या जोरावर भरती झालो आणि रोह्याला येऊन पडलो. घर इतकं लांब की आईच्या पत्रातलं वासरू माझ्या हाती पडेपर्यंत गाय झालेलं असायचं. मी सगळ्यालाच घाबरायचो. पाणी प्यायलासुद्धा परवानगी मागायचो. दामोदर म्हात्रे हवालदार मूळचे पेणचे. पहिल्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं आणि पुढे ते कधीच वापरलं नाही. "काय रं नांदेड, जेवलास काय?" एवढंच. त्यांच्या तोंडी माझा अख्खा जिल्हा असायचा, त्यामुळे एकटं वाटायचं नाही. रजेवरून येताना ते पोह्याचे पापड आणायचे आणि म्हणायचे, "वहिनीनं तुझ्यासाठी दिलेत. अर्धे मी खाल्ले, ते सांगू नको तिला."

रोह्यात दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी धावीरमहाराजांची पालखी निघते आणि पोलीस देवाला बंदुकांनी सलामी देतात. इथल्या लोकांना त्यात काही नवल नाही. मला होतं. आमच्याकडे पोलीस आला की लोक दारं लावून घ्यायचे, आणि इथे पोलीस देवापुढे रांगेत! आठवडाभर सराव केला, तो चांगला झाला. त्या दिवशी मात्र ढोल वाजले, गुलाल उडाला, पालखी समोर आली, फौजदारसाहेबांनी "सलामी शस्त्र!" असा आवाज दिला... आणि मी बंदूक सोडून दोन्ही हात जोडले. डोळेसुद्धा मिटले.

बंदूक उजवीकडे कलंडली. शेजारच्या दादांनी मान न वळवता, स्वतःची सलामी न मोडता, ती गुडघ्याने अडवली. लोक हसले. एक म्हातारी ओरडली, "अगो, पोलिसाला देव दिसला!" मला नोकरी गेल्यासारखीच दिसत होती. नंतर साहेबांनी आम्हा दोघांना उभं केलं. दादा शांतपणे म्हणाले, "साहेब, बंदुकीची सलामी आम्ही दिली, हाताची यानं दिली. देवाचं काय कमी नाय पडलं." साहेबांना हसू दाबता आलं नाही, आणि माझी नोकरी राहिली.

त्यानंतर महिनाभर रोज संध्याकाळी दादा मला मैदानावर घेऊन जायचे. खिशातली पत्र्याची गोल डबी काढून माझ्या जिभेवर खडीसाखर ठेवायचे. "ही चावायची नाय. ही विरघळेपर्यंत माणूस बडबडत नाय, आणि बडबडला नाय की घाबरायचं विसरतो. हात मनात जोड. मनाला कवायत नाय."

त्यांची बदली पेणला झाली तरी माझ्या त्या सलामीची गोष्ट सांगणं थांबलं नाही. लग्न असो की बारसं, ते मला पुढे करून सांगायचे, "ह्योच तो!" मी लाजायचो. पण कुणीतरी आपली चूक इतक्या मायेने सांभाळून ठेवलीय, याचं बरंही वाटायचं.

पेणला दादांच्या अंत्ययात्रेत माझ्याकडे खडीसाखर नव्हती. रिकामी जीभ टाळूला लावून उभा राहिलो. हुकूम आला, बंदूक उचलली, बार काढले. एकही हालचाल चुकली नाही. मान वळवून कुणाला सांगावं, तर ज्याला सांगायचं तोच समोर झोपलेला.

तेराव्याला गेलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही चुकला नाय त्या दिवशी. ते असते तर हिरमुसले असते. पावण्यांना नवीन काय सांगणार?" भरल्या डोळ्यांनी आम्ही दोघंही हसलो. मग त्या फोटोकडे बघत म्हणाल्या, "आता बंदूक नाय हातात. जोडा की." मी हात जोडले. या वेळी डोळे उघडे ठेवले.

निघताना त्यांनी ती डबी माझ्या हातात दिली. आता ती माझ्या पेटीत, आईच्या पत्रांशेजारी असते. साखर संपली की बाजारातून आणून भरतो. तळाचा दादांच्या हातचा एक खडा मात्र तसाच ठेवलाय. दसरा जवळ आलाय, सराव सुरू झालाय. पालखीच्या सकाळी तो खडा तोंडात टाकीन आणि हात मनातच जोडीन. बंदूक सोडणार नाही, दादा... ती अडवायला उजवीकडे आता तुमचा गुडघा नाही.