एकाच नावाच्या तीन गाड्या

बारामतीत मी स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर उभा असतो. तिथं सगळ्यात जास्त डोकं खाणारी गाडी एकच. पहिली आली ती चौकोनी, डब्यासारखी. मग कंपनीनं ती गोल केली, नंतर लांब आणि उंच. इंजिन बदललं, चाकं बदलली, नाव तेवढं तेच ठेवलं. दुसरं नाव सुचलंच नाही का कुणाला? एकीचा पार्ट दुसरीला बसत नाही, आणि गिऱ्हाईक नाव सांगून मोकळं होतं.

शेळगावच्या तात्यांना मी वडापच्या जीपनं दोनदा क्लच प्लेट पाठवली. दोन्ही परत आल्या. गाडी तिकडं अंगणात खोलून पडलेली. फोनवर तात्या तापले.

"नाव सांगितलं, साल सांगितलं. आता गाडीची कुंडली आणू का?"

"तात्या, चेसिस नंबर तेवढा बघून सांगा."

"का? चोरीची हाय व्हय?"

मालकांनी ऐकलं. ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. "तिसऱ्यांदा परत आली तर तू मागं गोडाऊनला. काउंटरवर दुसरा बघतो."

आठवीतनं शाळा सोडून मी किनवटहून इथं आलो, तेव्हा यांनीच मला इंग्रजी नंबर वाचायला शिकवून काउंटरवर उभं केलं. आईनं गावभर सांगितलंय ते.

दुपारच्या एसटीनं शेळगाव गाठलं. गाडी बघितली आणि स्वतःचाच राग आला. साल गोल गाडीचं, अंग चौकोनी! नवी आल्यावरही कंपनी जुनी गाडी टॅक्सीवाल्यांसाठी काही वर्षं विकत होती, त्याच नावानं. साल ऐकून मी आधी गोल गाडीची प्लेट पाठवली, मग तात्या साल चुकले असं धरून लांब गाडीची. दिसायला कशी आहे, एवढं विचारलंच नव्हतं.

"तात्या, तुमचं बरोबर होतं."

"मग दोनदा काय माझी परीक्षा घेत होता व्हय? बस, च्या घे."

परत येऊन मालकांना चूक माझी म्हणून सांगितलं. त्यांनी फळीवरून चौकोनीची प्लेट काढून हातात दिली. "उद्या तूच घेऊन जा. गाडी हलली की फोन कर."

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकनं प्लेट बसवली, तात्यांनी गिअर टाकला, गाडी अंगणाबाहेर निघाली. मी फोन लावला.

"बरं," मालक म्हणाले, "ये लवकर. काउंटरवर गिऱ्हाइकं खोळंबलीत."